ॲब्सेंट-माइंडेड प्रोफेसर, द
वॉल्ट डिझ्नी (१९०१–६६) यांच्या चित्रसंस्थेने निर्मिलेला प्रसिद्ध अमेरिकन विनोदी चित्रपट. शीर्षकाचा अर्थ ‘विसराळू प्राध्यापक’ असा होतो. अमेरिकेत तो १६ मार्च १९६१ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शन रॉबर्ट स्टीव्हन्सन (१९०५–८६) यांचे, पटकथा बिल वॉल्श (१९१३–७५) यांची, छायाचित्रण एडवर्ड कोलमन यांचे व संगीत जॉर्ज ब्रन्स यांचे आहे. फ्रेड मॅकमरी (१९०८–९१), नॅन्सी ओल्सन (१९२८–   ), कीनन विन (१९१६–८६), टॉमी कर्क (१९४१–२०२१), लीअन एम्स व एलियट रीड यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. विक्षिप्त संशोधक हा विनोदी वाङ्‌मयाचा जुना विषय; तथापि लहान मुलांसह सर्व कुटुंबाने एकत्र बसून पाहावयाच्या चित्रपटांत या विषयाला जी ठराविक घडण पुढे प्राप्त झाली, ती मुख्यत्वे या चित्रपटामुळे होय. त्याची लोकप्रियता बाळबोध कल्पनाविलासावर उभी आहे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. चित्रपटाचे बारकाईने अवलोकन केल्यास मात्र त्यातील विनोदाला एक तर्कशिस्त आहे आणि त्या विनोदाआड ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा गंभीर प्रश्न आहे, असे दिसून येते.

कथानक : मेडफील्ड या काल्पनिक महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारा प्राध्यापक नेड ब्रेनर्ड हा मराठीत ज्याला ‘विसरभोळा गोकूळ’ म्हणतात त्या जातीचा मनुष्य आहे. महाविद्यालयाच्या अध्यक्षांची चिटणीस बेट्‌सी कार्लाइल हिच्याशी ठरलेला त्याचा विवाह त्याच्या विस्मरणामुळे दोनदा हुकलेला आहे. तिसऱ्या मुहूर्ताच्या रात्री तो आपल्या घरालगतच्या मोटारखान्यात प्रयोग करीत बसतो. प्रयोगाचा स्फोट होऊन तो बेशुद्ध पडतो आणि हाही मुहूर्त टळतो. शुद्धीवर आल्यावर त्याला भांड्यात एक चिकट, लवचिक पदार्थ आढळतो. जमिनीवर आपटला असता तो प्रत्येक उसळीस आधीपेक्षा अधिक उंच जातो. या ‘उडत्या रबरा’ला तो ‘फ्लबर’ असे नाव देतो. त्याचा उपयोग करून तो आपली जुनी मॉडेल टी फोर्ड मोटार आकाशात उडवितो आणि महाविद्यालयाच्या खेळाडूंच्या बुटांच्या तळांना फ्लबर लावून हातचा गेलेला बास्केटबॉलचा सामना त्यांना जिंकून देतो. महाविद्यालयाला कर्ज देणारा धनिक अलॉन्झो हॉक हा ते कर्ज थकल्यास महाविद्यालय पाडून जागेचा व्यापारी उपयोग करण्याच्या विचारात असतो. उडती मोटार दृष्टीस पडताच तो फ्लबर हस्तगत करण्याचा प्रयत्न करतो आणि अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक होण्यापूर्वी तिच्या जागी तशीच दिसणारी दुसरी मोटार ठेवून प्राध्यापकाची फजिती करतो. अखेर प्राध्यापक व बेट्‌सी हॉकलाच फ्लबरचे बूट घालावयास लावतात; तो थांबता न येणाऱ्या उड्या मारीत राहतो. मोटार परत मिळवून दोघे थेट वॉशिंग्टनकडे उड्डाण करतात. अनोळखी विमान समजून लष्कर त्यांच्यावर अस्त्रे सोडण्याच्या बेतात येते. शेवटी ओळख पटते, संशोधनाचा गौरव होतो आणि विवाहही पार पडतो.

पूर्वपीठिका : चित्रपटाचा आधार सॅम्युअल डब्ल्यू. टेलर (१९०७–९७) यांची ‘अ सिच्युएशन ऑफ ग्रॅव्हिटी’ ही कथा असून ती १९४३ मध्ये ‘लिबर्टी’ या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेल्याने अमेरिकेत रबराची तीव्र टंचाई निर्माण झाली होती व कृत्रिम रबराच्या संशोधनाला युद्धकार्याचे महत्त्व आले होते. रबर ही वस्तू त्या काळी सामान्य वाचकाच्या नित्य बोलण्यातली होती. कथेची कल्पना या वातावरणातच रुजली. रबराचा इतिहासही अपघाती शोधांशी निगडित आहे. गंधक मिसळलेले रबर तापविल्याने टिकाऊ होते, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये काहीसे योगायोगानेच उमगले, असे सांगितले जाते. चुकलेल्या प्रयोगातून फ्लबर निष्पन्न होतो, या कल्पनेला अशा प्रकारे शास्त्राच्या इतिहासातील खऱ्या घटनांचे पाठबळ आहे.

नायकाच्या व्यक्तिरेखेमागे प्रिन्स्टन विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक ह्यूबर्ट एलिया (१९०३–९६) यांची काही वैशिष्ट्ये आहेत. स्फोट, धूर व रंगबदल यांनी भरलेल्या त्यांच्या प्रात्यक्षिक व्याख्यानांमुळे त्यांना ‘डॉक्टर बूम’ असे टोपणनाव पडले होते. यामुळेच ब्रेनर्ड हा केवळ व्यंगचित्रातील वेडा शास्त्रज्ञ ठरत नाही; तो प्रथम शिक्षक आहे. त्याचे विस्मरण विषयाच्या ओढीतून आलेले आहे आणि वर्गात उभा असताना तो काहीही विसरत नाही, हा भेद पटकथाकाराने नेमका सांभाळला आहे. हॉकच्या मुलाला परीक्षेत अनुत्तीर्ण केल्यामुळे तो खेळाडू संघाबाहेर राहतो, तरीही प्राध्यापक गुण बदलत नाही. तारीख, वेळ, टोपी, विवाह या सर्वांचा विसर पडणारा हा मनुष्य गुणपत्रिकेच्या बाबतीत मात्र अचूक आहे, यात त्याच्या स्वभावाचे मर्म सापडते.

विनोदाची घडण : अद्‌भुत विनोदाचा एक जुना दंडक असा, की प्रेक्षकाकडून एकच अशक्य गोष्ट मान्य करून घ्यावी आणि पुढचे सर्व काही तिच्यापासून नियमाने निष्पन्न व्हावे. या दंडकाचे इतके काटेकोर पालन केलेले विनोदी चित्रपट थोडेच असतील. प्रत्यक्षात कोणताही चेंडू ज्या उंचीवरून सोडला त्या उंचीपर्यंत परत येत नाही. आदळताना त्याच्या गतिज ऊर्जेचा काही अंश उष्णता व ध्वनी यांच्या रूपाने नाहीसा होतो, म्हणून प्रत्येक उसळी आधीपेक्षा कमी असते. फ्लबरच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. आघात होताच पदार्थातील सुप्त ऊर्जा मुक्त होते, अशी उपपत्ती प्राध्यापक मांडतो. त्यामुळे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम वरकरणी सुरक्षित राहतो. परंतु तसे असते, तर पदार्थातील साठा केव्हा तरी संपला पाहिजे. तो संपत नाही, हीच चित्रपटाने मागितलेली एकमेव सवलत होय.

ही सवलत दिल्यावर पुढील प्रत्येक प्रसंग तिच्यातूनच उद्‌भवतो. उसळी वाढत जाते म्हणून बुटक्या खेळाडूंना उंच प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यांवरून चेंडू टाकता येतो. उसळी वाढत जाते म्हणूनच हॉकला थांबता येत नाही. पहिल्या प्रसंगात जी गोष्ट विजयाचे साधन ठरते, तीच दुसऱ्या प्रसंगात शिक्षा होते, आणि दोन्ही प्रसंगांत पदार्थाचा गुणधर्म तिळमात्र बदलत नाही. खलनायकाला शासन करण्यासाठी लेखकाला बाहेरून काहीही आणावे लागत नाही. हॉक हा अधिकाधिक मिळविण्याच्या हव्यासाने पछाडलेला मनुष्य आहे. प्रत्येक उडीस अधिकाधिक उंच जाण्याची शिक्षा त्याला मिळते. आशय व दृश्य यांची अशी एकरूपता केवळ हास्यास्पद प्रसंगांची माळ ओवणाऱ्या प्रहसनांत सहसा आढळत नाही.

सामन्याचा प्रसंग या चित्रपटाचा कळसबिंदू मानला जातो. सामन्याच्या पूर्वार्धात मेडफीलडचा संघ पुरता निष्प्रभ झालेला असतो. मध्यंतरानंतर तोच संघ हवेत झेपावू लागतो, प्रतिस्पर्धी गोंधळतात, पंच नियमांत आधार शोधतात. मूकपटांच्या काळातील अंगविक्षेपी विनोदाची परंपरा येथे पुन्हा जिवंत झालेली दिसते. उडी मारणाऱ्यांपेक्षा त्यांच्याकडे पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर छायालेखकाने अधिक लक्ष दिले आहे, हेही विनोद परिणामकारक होण्याचे एक कारण आहे.

तंत्र : चित्रपट कृष्णधवल आहे. रंगीत चित्रपट रूढ झाले असताना घेतलेल्या या निर्णयामागे करामतीच्या चित्रणाची सोय होती. उडत्या मोटारीसाठी लहान प्रतिकृती, तारांनी टांगलेले पूर्णाकृती सांगाडे आणि सोडियम बाष्पाच्या दिव्यांनी उजळलेल्या पडद्यासमोर चित्रण करून दोन चित्रे एकत्र जोडण्याची पद्धती अशा तीन उपायांचा मेळ घालण्यात आला. सोडियम दिव्याचा प्रकाश एका अरुंद पिवळ्या पट्ट्यापुरता मर्यादित असतो. कॅमेऱ्यातील लोलकाच्या साहाय्याने तो वेगळा काढता येतो आणि नटाच्या आकृतीची अचूक बाह्यरेषा मिळते. कृष्णधवल छटांमुळे तारा व सांधे झाकले गेले. आजही ही उड्डाणदृश्ये पाहताना मोटारीचे वजन जाणवते; ती डोलते, कलते, धक्के खाते. १९८६ मध्ये चित्रपटाला यांत्रिक रीतीने रंग देऊन एक आवृत्ती काढण्यात आली. तथापि मूळ छायाप्रकाशाची योजना तीत उणावते.

कृष्णधवल विभागातील छायाचित्रण, त्याच विभागातील कलादिग्दर्शन आणि विशेष करामती अशा तीन अकादमी पुरस्कारांसाठी या चित्रपटाची शिफारस झाली होती. पहिले दोन पुरस्कार ‘द हसलर’ला व तिसरा ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ला मिळाला. विनोदी कौटुंबिक चित्रपटाची या तिन्ही तांत्रिक विभागांत दखल घेतली जाणे, हे त्यातील कारागिरीचे द्योतक होय.

अभिनय : फ्रेड मॅकमरी यांनी ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) मध्ये खुनाच्या कटात ओढल्या गेलेल्या विमाविक्रेत्याची आणि ‘द अपार्टमेंट’ (१९६०) मध्ये दुटप्पी वरिष्ठाची भूमिका केली होती. डिझ्नी संस्थेच्या ‘द शॅगी डॉग’ (१९५९) पासून ते कौटुंबिक विनोदाकडे वळले. ब्रेनर्डची भूमिका त्यांनी कोठेही अतिरंजित केलेली नाही. विक्षिप्तपणाचे प्रदर्शन न करता ते अगदी समंजस माणसाप्रमाणे बोलतात. त्यांचे बोलणे ऐकणाऱ्याला अशक्य वाटते, एवढेच. वॉशिंग्टनमधील अधिकाऱ्यांना ते दूरध्वनीवरून आपला शोध सांगू पाहतात, त्या प्रसंगात हा संयम विशेष प्रत्ययास येतो. कीनन विन यांचा हॉक हा लोभी असूनही पोकळ दुष्ट वाटत नाही. व्यवहाराचा हिशेब त्याला मनापासून पटलेला आहे. अग्निशामक दलाच्या प्रमुखाच्या छोट्या भूमिकेत कीनन यांचे वडील, ज्येष्ठ विनोदी नट एड विन (१८८६–१९६६), दिसतात.

ज्ञान आणि मालकी : चित्रपटाचा खरा संघर्ष प्राध्यापक व धनिक यांच्यातील नसून ज्ञानाकडे पाहण्याच्या दोन दृष्टींतील आहे. हॉकच्या मते महाविद्यालय म्हणजे गहाण पडलेली जमीन आणि फ्लबर म्हणजे सरकारकडून मोठी रक्कम उकळण्याचे साधन. ब्रेनर्डच्या मनात शोधाची किंमत हा विचारच येत नाही. तो लगेच देशाला देऊन टाकण्यास निघतो. ज्या महाविद्यालयाचे अस्तित्व धोक्यात आहे, त्याच्याच एका शिक्षकापाशी ते वाचविण्याचे साधन असावे आणि त्याच्यावर कोणाचा विश्वास बसू नये, हा उपरोध विनोदाखाली सतत जागा राहतो. सामना फ्लबरमुळे जिंकला, हे तो बेट्‌सीला स्पष्ट सांगतो, तेव्हा तिलाही ते खरे वाटत नाही.

या उपरोधाला काळाचा संदर्भ आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यावर अमेरिकेत विज्ञानशिक्षणाविषयी तीव्र अस्वस्थता पसरली व १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियम संमत झाला. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर महिना पूर्ण होण्यापूर्वीच, १२ एप्रिल १९६१ रोजी, यूरी गागारिन यांनी अंतराळप्रवास केला. संशोधन ही प्रचंड प्रयोगशाळांची, गुप्ततेची व शासकीय खर्चाची बाब झालेली असताना या चित्रपटाने मोटारखान्यात एकट्याने खटपट करणारा संशोधक उभा केला. त्याचे वाहनही सूचक आहे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने निघालेली मॉडेल टी ही सामान्य माणसाची मोटार होती. अग्निबाणांच्या युगात तीच उडावी, यात यंत्रयुगाच्या जुन्या, घरगुती रूपाविषयीची ओढ दिसते. एक प्रकारे हा चित्रपट ज्या संशोधकाचे कौतुक करतो, त्याचा काळ सरत आला होता.

मर्यादा : नेमक्या याच ठिकाणी चित्रपट हात आखडता घेतो. लष्कराच्या निरनिराळ्या शाखांतील चढाओढ, अधिकाऱ्यांची टोलवाटोलवी, उडत्या जुन्या मोटारीवर अस्त्रे रोखणारी संरक्षणव्यवस्था यांची थट्टा त्याने मोकळेपणाने केली आहे. परंतु ज्यांना त्याने मूर्ख ठरविले, त्यांच्याच स्वाधीन अखेरीस फ्लबर होतो आणि हा शेवट सुखाचा मानला जातो. धनिकाच्या हाती पडलेली शक्ती धोक्याची, तर शासनाच्या हाती गेलेली निर्धोक कशी, हा प्रश्न विचारलाच जात नाही. ब्रिटनमधील ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ (१९५१) या अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक यांच्या चित्रपटाशी तुलना केल्यास हा फरक स्पष्ट होतो. त्यात कधीही न मळणारे व न झिजणारे कापड शोधणाऱ्या तरुणाच्या विरोधात गिरणीमालक व कामगार दोघेही उभे राहतात, कारण त्या शोधाने दोघांचीही उपजीविका धोक्यात येते. शोध चांगला असला, तरी समाजाला तो परवडेलच असे नाही, ही कटू जाणीव त्या चित्रपटाने विनोदातूनच करून दिली. फ्लबरमुळे मात्र कोणाचेही काही बिघडत नाही. बिघडते ते केवळ दुर्जनाचे.

दुसरी उणीव नैतिक हिशेबातील आहे. गुणांच्या बाबतीत तडजोड न करणारा प्राध्यापक खेळाच्या मैदानावर मात्र उघड लबाडी करतो आणि प्रतिस्पर्धी संघावरील या अन्यायाची चित्रपटात कोणालाच खंत वाटत नाही. त्याचप्रमाणे प्रेमातील प्रतिस्पर्ध्याच्या मोटारीच्या छतावर उडत्या मोटारीने आदळून त्याची त्रेधा उडविणे, हा मत्सरातून आलेला खोडसाळपणा निरागस म्हणून खपविला जातो. तीन वेळा ताटकळलेल्या बेट्‌सीची बाजूही पुरेशी मांडलेली नाही. ती बुद्धिमान व ठाम असल्याचे नॅन्सी ओल्सन यांच्या अभिनयातून जाणवते. पण शोध खरा ठरताच तिची तक्रार आपोआप मिटते. वस्तुतः शोध खरा असणे आणि वाग्दत्त वधूला विसरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रतिभावंताला सर्व काही क्षम्य, हा सोपा निष्कर्ष चित्रपटाने नकळत दृढ केला आणि पुढील अनुकरणांतून तो रूढ झाला.

प्रभाव : चित्रपटाच्या यशामुळे ‘सन ऑफ फ्लबर’ (१९६३) हा उत्तरभाग निघाला. मेडफील्ड महाविद्यालय ‘द कंप्यूटर वोअर टेनिस शूज’ (१९६९) व त्यानंतरच्या आणखी दोन चित्रपटांत पुन्हा आले, तर हॉक ‘हर्बी राइड्‌स अगेन’ (१९७४) मध्ये परतला. स्टीव्हन्सन यांनी पुढे ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) व ‘द लव्ह बग’ (१९६८) हे अद्‌भुतरम्य चित्रपट दिग्दर्शित केले. जुनी मोटार उडविणारा खटपट्या संशोधक ‘चिटी चिटी बँग बँग’ (१९६८) मध्ये आणि मोटारीलाच कालयान बनविणारा वृद्ध शास्त्रज्ञ ‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) मध्ये दिसतो, तेव्हा ब्रेनर्डशी असलेले त्यांचे नाते सहज लक्षात येते.

मूळ कथेवर १९८८ मध्ये दूरचित्रवाणीसाठी आणि १९९७ मध्ये ‘फ्लबर’ या नावाने चित्रपटगृहांसाठी नव्या आवृत्त्या निघाल्या. दुसऱ्या आवृत्तीत रॉबिन विल्यम्स यांनी प्राध्यापकाची भूमिका केली. तीत संगणकाच्या साहाय्याने फ्लबरला नाचणाऱ्या, खोड्या करणाऱ्या हिरव्या सजीव प्राण्याचे रूप देण्यात आले. तांत्रिक प्रगती मोठी असली, तरी या बदलाने मूळ विनोदाचा पायाच ढासळला. निर्जीव पदार्थ नियमाने वागतो, म्हणून त्याच्यापासून पुढे काय होणार याचा तर्क प्रेक्षकाला करता येतो आणि तो तर्क खरा ठरण्यात आनंद असतो. लहरी प्राण्याकडून मात्र काहीही घडू शकते, म्हणून काहीही घडले तरी नवल उरत नाही.

डिझ्नी संस्थेच्या सजीवपात्री विनोदी चित्रपटांत ‘द ॲब्सेंट-माइंडेड प्रोफेसर’चे स्थान वरचे आहे, ते मुख्यतः या नियमबद्धतेमुळे. त्याने उभे केलेले प्रश्न त्याने शेवटपर्यंत नेले नाहीत, हे खरे. परंतु शाळकरी मुलाला हसता हसता भौतिकीचा एक नियम समजावा आणि ज्ञान विकावयाचे की वाटावयाचे, याचा विचार त्याच्या मनाला स्पर्शून जावा, एवढे कार्य त्याने निश्चित केले. करमणुकीच्या चित्रपटाच्या दृष्टीने ही कामगिरी लहान नाही.